पाण्याच्या रंगाचं पाणी

आमच्या घरमालकीणबाईंना दोन डोंगरांच्या मधून उगवणारा सूर्य खपत नसे. खरा नव्हे, चित्रातला. कॅलेंडरवर, दवाखान्याच्या भिंतीवर, एखाद्या पोराच्या वहीत, कुठंही तो दिसला की त्या थांबत, चष्मा कपाळावर सरकवत आणि शेजारी जो कोणी असेल त्याला सांगत, "हे माझं पाप आहे."

शेजारच्याला काही कळत नसे. मला कळायचं, कारण मी ते पुष्कळदा ऐकलं होतं. बाई नाशकातल्या एका मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाल्या होत्या. नोकरीभर त्यांनी फळ्यावर एकच निसर्गचित्र काढलं: दोन डोंगर, मधे सूर्य, डोंगरातून निघालेली नदी, नदीकाठी झोपडी, झोपडीला टेकून नारळ आणि आभाळात चार पक्षी. पक्षी म्हणजे वही तपासताना बरोबरची खूण करतात ना, तशा खुणा. आभाळ तपासून परत दिल्यासारखं दिसायचं, असं त्याच म्हणत. "आणि गोदावरीच्या काठी नारळ कुणी पाहिलाय गं? माझ्या बाईंनी काढला म्हणून मी काढला. फळ्यावरून फळ्यावर आलेलं झाड ते."

निरोपसमारंभात मुलींनी त्यांना एक भलंमोठं चित्र भेट दिलं. तेच. डोंगर, सूर्य, झोपडी, सगळं जिथल्या तिथं. टाळ्या झाल्या. बाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि लोकांना वाटलं, गहिवरल्या. घरी येऊन त्यांनी ते चित्र कॉटखाली सरकवलं, आणि पुढच्या शनिवारी बोर्ड, कागद, रंगांची पेटी घेऊन एसटीत बसल्या त्या थेट नांदूरमधमेश्वरला गेल्या.

नांदूरमधमेश्वर म्हणजे निफाडच्या पुढे, गोदावरी आणि कादवा जिथं एकत्र येतात तिथलं जुनं धरण. वर्षानुवर्षं गाळ साठून पाणी उथळ पसरलेलं, मधे गवताची बेटं, कडेला पाणकणसं आणि बेशरमीची रानं. थंडीत कुठून कुठून पक्षी येतात. लोक पक्ष्यांसाठी जात. बाई गेल्या त्या तिथं डोंगर नाही म्हणून. नाशकात कुठंही बसा, एक तरी डोंगर मधे येतोच. त्यांना सपाट पाहिजे होतं.

त्यांना सगळेच बाई म्हणत. जुन्या विद्यार्थिनी, भाजीवाली, पोस्टमन, इतकंच काय, त्यांचे यजमानसुद्धा. काका रेल्वेत मनमाडच्या मालधक्क्यावर क्लार्क होते आणि सगळी नोकरी त्यांनी नाशिक रोडहून अपडाऊन करून काढली होती. माणूस अतिशय नीटनेटका. वाचून झालेलं वर्तमानपत्र पुन्हा नवं वाटेल अशी घडी घालणारा. दारातल्या चपला, मग त्या कुणाच्याही असोत, एका रेषेत लावणारा. बाईंच्या शनिवारला ते 'बाईंचा चिखल' म्हणत. विरोध नव्हता, चिखल मोरीच्या अलीकडे येऊ नये, एवढीच त्यांची अट. चित्रांकडे ते बघतही नसत. "निफाड, लासलगाव मी रोज खिडकीतून पाहिलंय," ते मला म्हणाले होते. "बघण्यासारखं काही नाही तिकडे." मग मी लासलगावची आहे हे आठवून त्यांनी घाईघाईनं मला चहा विचारला.

मी लासलगावची. वडील कांदा मार्केटात मापाडी. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मला नाशकात अंबडला, विजेची बटणं बनवणाऱ्या एका कारखान्यात माल तपासायच्या टेबलावर नोकरी लागली, आणि पंचवटीत नदीकडे उतरणाऱ्या एका गल्लीत बाईंच्या घराची वरची खोली मिळाली. खोली दाखवताना बाईंनी पाहुणे, स्वयंपाक, येण्याजाण्याच्या वेळा, काही म्हणजे काही विचारलं नाही. "सुट्टी कधी असते?" एवढंच विचारलं. अंबडची सुट्टी शनिवारी. मी शनिवार म्हणाले आणि त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली.

त्या प्रश्नाचा अर्थ मला पहिल्याच आठवड्यात कळला. नीट उजाडलंही नव्हतं आणि जिन्याखालून हाक आली, "लासलगाव, उठलीस का?" माझ्या नावानं त्यांनी मला कधीच हाक मारली नाही. शाळेत मुलींना आडनावानं हाक मारायची सवय. माझं आडनाव त्यांच्या वर्गात फार मुलींचं होतं म्हणून मला गाव मिळालं. मला वाटलं कुणाला तरी बरं वाटेनासं झालं. धावत खाली आले तर बाई दारात उभ्या. सुती पातळ वर खोचलेलं, पायात निफाडच्या खताच्या दुकानातून घेतलेले काळे गमबूट, डोक्यावर क्रिकेटच्या पंचाची पांढरी टोपी. त्यांनी एक बोर्ड माझ्या हातात दिला आणि चालू लागल्या. मला झोपायचं होतं. आठवडाभर उभं राहून पाय भरून आलेले असत. पण त्यांच्या पाठीला नाही म्हणायची सोय नव्हती.

निमाणीच्या स्टँडवरून निफाडची एसटी, पुढे काळीपिवळी जीप, मग बांधावरून पायी. जीपमध्ये बाई बोर्ड मांडीवर उभा धरून बसत. शेजारचे विचारत, कुणाच्या लग्नाचा बोर्ड हाय, तर त्या सांगत, पाण्याच्या.

लासलगाव तिथून किती जवळ. तरी मी जन्मात तिथं गेले नव्हते. आमच्याकडे पाणी म्हणजे शेताला द्यायचं. ते बघायला कोणी जात नाही. त्या दिवशी बांधावर पोचलो तेव्हा धुकं होतं आणि समोर काहीच दिसत नव्हतं. नुसता आवाज येत होता. हजारो पक्षी एकाच वेळी बोलत होते, मार्केटात लिलाव सुरू व्हायच्या आधी असतो तसा कालवा. मग धुकं वर चढलं आणि त्याखालून पाणी निघालं. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर बाईंनी ब्रश वर करून मला गप्प केलं.

त्यांचा नियम होता: रंगाचा पहिला हात वाळेपर्यंत कुणी बोलायचं नाही. थंडीतल्या दवात पहिला हात वाळायला किती वेळ लागतो हे ज्यानं पाहिलंय त्यालाच माहीत. मी बसून राही. करायला दुसरं काही नसे म्हणून बघत राही. हळूहळू मला खंड्या, शेकाट्या, चमच्यासारख्या चोचीचा चमचा, जांभळी पाणकोंबडी ओळखू यायला लागले. बाईंना त्यांची नावं विचारली तर सांगत नसत. "नाव कळलं की लोक बघायचं सोडतात," म्हणत.

रंगांना मात्र त्यांनी नावं ठेवली होती, आणि ती सगळी त्यांच्या वर्गातली होती. पोपटी हिरवा म्हणजे सातवी ब मधली पाटील. गोड मुलगी, पण सारखं पुढे पुढे करायची, तिला मागच्या बाकावर बसवावं लागतं. गडद निळा म्हणजे कुलकर्णी. हुशार, पण कुणात मिसळत नाही. मातकट पिवळी एक जाधव होती. तिच्याबद्दल बाई फार हळवेपणानं बोलत. वर्गात कधी हात वर केला नाही, पण ज्या बाकावर बसवावं तिथल्या मुली शहाण्यासारख्या वागायच्या. "ह्या पाण्यात सगळीकडे जाधव आहे, बघ," त्या मला म्हणत. आणि मग खरंच दिसायची.

घरचं पाणी त्यांनी चित्राला कधी लावलं नाही. तिथंच काठावर उतरून तांब्या भरायच्या. त्यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीनं, जी आता जाहिरातींची कामं करायची, त्यांना सांगून पाहिलं की त्या पाण्यात गाळ असतो, आभाळ मळकट येतं. बाई म्हणाल्या, मग आभाळानं पाण्यात उतरायचंच नाही.

एका हिवाळ्यात त्या एकाच जागेपाशी अडून बसल्या होत्या. पाणकणसांच्या अलीकडे एक शांत पट्टा होता आणि त्यावर सकाळी थोडाच वेळ एक उजेड यायचा. तो जमत नव्हता. किती शनिवार गेले. शेवटी एकदा जमत आला, आणि नेमक्या म्हशी आल्या. एक थेट त्या पट्ट्यात जाऊन बसली. बाईंनी गुराख्याला बोलावलं. म्हातारा होता, काठीवर हनुवटी टेकून उभा राहिला आणि त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं.

"तुमचं बरोबर हाय, बाई," तो म्हणाला. "पण तिची पाण्याची येळ झाली. ती मला इचारून जाती का?"

मग त्यानं चित्र बघितलं. चांगलं हाय म्हणाला. पण म्हशी का नाय काढल्या, असंही विचारलं. बाई म्हैस उठायची वाट पाहत बसल्या. म्हैस यथावकाश उठली, आमच्याच बाजूनं वर आली आणि बोर्डापासून दोन हातांवर उभी राहून तिनं अंग झाडलं. सगळं चित्र तपकिरी शिंतोड्यांनी भरून गेलं. मला रडू यायचं बाकी होतं. बाई मात्र वाकून त्या शिंतोड्यांकडे बघत होत्या. "लासलगाव, पाणी कसं उडतं बघ," म्हणाल्या. "मी इतके दिवस त्याला नुसतं बसवून ठेवत होते."

ते चित्र त्यांनी बैठकीच्या खोलीत लावलं. आल्यागेल्याला सांगत की ह्यात एका म्हशीचा हात आहे. पाहुणे म्हैस शोधत राहत.

पक्ष्यांचंही तसंच. थंडीत दुर्बिणी गळ्यात घालून लोक यायचे. एकदा एक सभ्य तरुण मुलगा बराच वेळ मागे उभा राहून चित्र बघत होता. शेवटी त्यानं विचारलंच, "मॅडम, पक्षी?" समोर बदकांनी पाणी झाकून गेलं होतं आणि पलीकडे रोहित पक्ष्यांची गुलाबी रांग होती.

"काढीन," बाई म्हणाल्या. "आधी त्यांचं पाणी जमू दे. जिथं मला नीट उतरता येत नाही तिथं त्यांना कसं उतरवू?"

तेवढ्यात एक दलदल ससाणा पाण्यावरून अगदी खालून उडत आला आणि सगळी बदकं एका दमात उठली. असा आवाज झाला की काठावरचे सगळे जण माना वर करून उभे राहिले, मीही. बाई तेवढ्या खाली बघत होत्या. पक्षी उठून गेल्यावर जे पाणी हलत राहिलं होतं, त्याच्याकडे. पक्षी काढलेलं त्यांचं एकही चित्र मी पाहिलेलं नाही.

विद्यार्थिनींनी फारच आग्रह केला म्हणून एकदा शाळेच्या हॉलमध्ये त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन झालं. काका दाराशी बसून आलेल्यांच्या चपला सरळ करत होते. आत त्यांनी फेरी मारली ती पंखे चालतात का बघायला. एका चित्रासमोर एक छोटी मुलगी उभी होती. ती मोठ्यानं म्हणाली, ह्यात काहीच नाहीये. तिची आई ओशाळली. बाई गुडघ्यांवर बसल्या आणि मुलीला विचारू लागल्या की काहीच नाही म्हणजे काय काय नाही. मुलीनं विचार करून सांगितलं, डोंगर नाही, सूर्य नाही, झोपडी नाही. प्रत्येक नाहीला बाईंचा चेहरा उजळत गेला. त्यांनी तिथल्या तिथं ते चित्र भिंतीवरून उतरवलं आणि तिला देऊन टाकलं. उरलेले दोन दिवस तिथं नुसता खिळा होता.

मग तो पावसाळा आला. मी तिथं राहायला लागून चारपाच वर्षं झाली असतील. आमच्या गल्लीला पाणी नवं नव्हतं. वरच्या धरणातून पाणी सोडलं की ते गल्लीच्या तोंडाशी येऊन जाई, आणि लोक नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या उंच मूर्तीवरून अंदाज बांधत: कमरेपर्यंत आलं, छातीपर्यंत आलं. त्या दिवशी सकाळी लाउडस्पीकरची गाडी फिरून गेली तेव्हा काका म्हणाले, ओट्यापर्यंत येईल फार तर. थोड्या वेळानं कुणीतरी ओरडत गेलं की मारुती गळ्यापर्यंत बुडाला, आणि मग सगळ्यांची धावपळ सुरू झाली.

काकांनी गॅसचा सिलेंडर, गव्हाची गोणी, टीव्ही आणि कागदपत्रांची पिशवी माझ्या खोलीत आणली. मी गाद्या आणि पांघरुणं आणली. बाई समोरच्या घरी धावल्या. तिथं एक आजारी आजी अंथरुणावर होती. तिच्या मुलांबरोबर बाईंनी तिला उचलून माझ्या कॉटवर आणून निजवलं, पुन्हा खाली गेल्या आणि हाताला लागलं ते घेऊन वर आल्या. दुपारपर्यंत पाणी उंबऱ्यावरून आत शिरलं आणि मग खिडकीच्या गजांपर्यंत चढलं.

संध्याकाळी, अजून उजेड होता, बाई सगळ्यांसाठी कांदेपोहे करत होत्या. ढवळता ढवळता त्यांचा हात थांबला.

"चित्रं खालीच राहिली," त्या म्हणाल्या.

आवाजात काही नव्हतं. दूध आणायचं राहिलं असं सांगावं तसं. काका उठले, जिन्यापर्यंत गेले. अर्धा जिना गढूळ पाण्यात होता. ते परत येऊन बसले. चित्रं मागच्या खोलीत, कपाटाच्या अगदी खालच्या कप्प्यात होती, कागद जड म्हणून. बाईंनी पुन्हा ढवळायला घेतलं. आजी तेवढी विचारत होती, काय राहिलं, काय राहिलं. तिला कुणी सांगितलं नाही.

पाणी दुसऱ्या दिवशी ओसरलं. कपाटाचं दार फुगून बसलं होतं, ते काकांनी पहारीनं उघडलं. आत चित्रांचा एक लगदा झाला होता. चिखल मोरीच्या अलीकडे न येऊ देणारे काका पँट दुमडून त्या चिखलात बसले आणि स्वयंपाकघरातल्या उलथन्यानं एकेक कागद सोडवू लागले. सुटेल तो दोरीवर चिमट्यांनी लावत गेले. मोजकेच सुटले. रंग सगळे निघून गेले होते. पेन्सिलीच्या रेघा आणि गाळ, एवढंच. भिंतीवरचं म्हशीचं चित्रही गेलं होतं. शेजारच्या बायका समजूत घालायला आल्या तर बाईच हसून म्हणाल्या, "गोदावरीचं पाणी शेवटी तिकडेच जातं. पोचली असतील जागेवर." बायका हसल्या. मलाही हायसं वाटलं.

पण पुढच्या शनिवारी हाक आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. भिंती वाळल्या, चुना झाला, दिवाळी होऊन गेली. नांदूरला पक्षी आल्याची बातमी पेपरात आली. काकांनी तो पेपर ते पान वर येईल अशी घडी घालून टेबलावर ठेवला, तो तसाच राहिला. शनिवारी मला सवयीनं जाग यायची आणि मी खालच्या आवाजांचा कानोसा घेत पडून राहायची. बाई तांदूळ निवडत असायच्या.

एकदा मी खाली जाऊन त्यांच्या शेजारी बसले आणि विचारलं. त्यांनी ताटातून मान वर केली नाही.

"पाणी दारात आलं तेव्हा मी काय उचललं, आठवतं तुला?"

मला आठवत नव्हतं.

"पोह्यांचा डबा," त्या म्हणाल्या. "गहू ह्यांनी नेले, गाद्या तू नेल्यास. चित्रं मी न्यायची होती. आणि मला ती आठवलीच नाहीत. इतकी वर्षं मी समजत होते की माझ्या डोक्यात दुसरं काही नसतं. नाद होता नुसता. रिकामपणाचा."

आजीला वर तुम्हीच आणलंत, असं मी म्हणाले. ते कुणीही केलं असतं, असं म्हणून त्यांनी विषय संपवला. काका व्हरांड्यात बसले होते. त्यांनी ऐकलं असणार, पण ते आत आले नाहीत.

त्यानंतरच्या शनिवारी काका सकाळीच कुठं तरी गेले. बाईंना वाटलं, पेन्शनच्या कामाला. ऊन कलल्यावर ते आले तेव्हा मी खालीच होते. पँट गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली, बूट हातात. ते दारातच थांबले.

"नांदूरला जाऊन आलो," ते म्हणाले.

बाईंनी त्यांना पाणी दिलं. ते पिईपर्यंत त्या उभ्या राहिल्या.

"मग काय पाहिलंत?"

"पाणी होतं. पक्षी होते पुष्कळ."

"पाणी कसं होतं?"

"भरपूर होतं."

"अहो, रंग कसला होता?"

काका विचारात पडले. मालाची पावती चुकू नये म्हणून जसा विचार करत असतील तसा.

"पाण्याच्या रंगाचं पाणी होतं," ते म्हणाले.

बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग विचारलं, पाणकणसांच्या बाजूला की मोकळ्यावर? काका म्हणाले, दोन्हीकडे तेच. पोचलात कधी? काका म्हणाले, अकराच्या सुमाराला. त्यावर बाईंचा संताप झाला. अकरा वाजता तिथं काय दिसणार, आणि ज्या माणसानं सगळी नोकरी खिडकीशी बसून केली त्याला पाण्याच्या रंगाचं पाणी दिसतं, असं बोलत त्या आत गेल्या आणि बराच वेळ भांडी आपटत राहिल्या. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग मोरीत जाऊन बूट धुतले आणि दारात एका रेषेत लावून ठेवले.

त्यांनी मुद्दाम तसं सांगितलं का, हे मी पुढे एकदा त्यांना विचारलं. मला खरंच तसंच दिसलं होतं, असं ते म्हणाले, आणि मला ते खरं वाटतं.

पुढच्या शनिवारी, अंधार असतानाच, जिन्याखालून हाक आली. "लासलगाव, ऊठ. ह्यांना दाखवून आणायचंय."

आम्ही तिघं गेलो. काका जीपमध्ये पिशवी मांडीवर घेऊन बसले होते, परीक्षेला निघाल्यासारखे. बांधावर त्यांनी वर्तमानपत्र अंथरलं, त्याची कड सरळ केली आणि बसले. बाईंनी बोर्डाला नवा कागद लावला. कोरा कागद त्यांच्यासमोर तसाच राहिला. धुकं उठलं, उजेड आला, पाणकणसांत पाणकोंबड्या फिरायला लागल्या. बाईंचा हात मांडीवरून हलत नव्हता. मी दुसरीकडे बघत होते.

मग त्या काकांना म्हणाल्या, पाणी आणा. काका तांब्या घेऊन उतरले, त्यांचा पाय गाळात गुडघ्यापर्यंत रुतला, तरी तांब्या न सांडता घेऊन आले.

"आता नीट बघा," बाई म्हणाल्या. "आणि सांगा."

काकांनी फार वेळ बघितलं. इतका की मला वाटलं, आता पुन्हा तेच सांगणार.

"त्या गवताच्या पोटाशी," ते शेवटी म्हणाले, "ओल्या ताडपत्रीसारखं आहे. नव्या नाही. दोनतीन पावसाळे झालेल्या."

बाईंनी मान वळवून तिकडे पाहिलं. मीही पाहिलं. होतं तसंच. बाईंनी रंगांची पेटी उघडली, वाळून भेगाळलेल्या रंगावर दोन थेंब पाणी सोडलं आणि तो भिजायची वाट पाहू लागल्या. काका बोलायला लागले तसा त्यांनी ब्रश वर केला.

त्यानंतर काका दर शनिवारी जाऊ लागले. माझं लग्न झालं, मी सिडकोत राहायला गेले, मग मुलगी झाली. शनिवार माझ्या हातून सुटले. बोर्ड काका धरत. मधूनमधून फोनवर बाई तक्रार करत की ह्यांना पक्ष्यांची नावं पाठ करायचा नाद लागलाय, आणि काका मागून सांगत की नावं पाठ असली तरी मी बघतो.

मग बाईंचे गुडघे गेले. बांधावरून चालणं डॉक्टरांनी बंद केलं, आणि चालता येतच नव्हतं हेही खरं. मला ते उशिरा कळलं. कळल्यावर एका शनिवारी दुपारी मी मुलीला सासूबाईंकडे ठेवून पंचवटीत गेले. बाई खचल्या असतील, काय बोलावं, याचा विचार करतच दारापाशी आले. दार उघडंच होतं.

बाई खिडकीशी जेवणाच्या टेबलावर बसल्या होत्या. समोर ओला कागद. पलीकडे खुर्चीवर वर्तमानपत्र घालून काका बसले होते. पँटचा चिखल अजून वाळला नव्हता. ते नांदूरहून नुकतेच आले होते.

"मागची कड धुरकट," ते सांगत होते. "पण धुरासारखी नाही. मालगाडीतल्या कोळशाच्या वाघिणीवर पाऊस पडून गेला की जसा रंग दिसतो, तसा."

"म्हणजे निळसर?"

"निळसर नाही. निळं होता होता राहिलेलं."

बाईंनी बशीत रंग कालवला, ब्रश उचलून त्यांच्यासमोर धरला. काकांनी डोळे बारीक केले आणि मान हलवली. अजून जरा उजेड, म्हणाले. बाईंनी पाणी घातलं, पुन्हा धरला. आता झालं, म्हणाले. तो रंग कागदावर गेला, कडेकडेनं पसरला. मी दारात उभी होते, दोघांनाही पत्ता नव्हता.

"आणि त्याच्या अलीकडे?" बाईंनी विचारलं.

काकांनी डोळे मिटले.

"थांब बाई," ते म्हणाले. "आठवू दे."

कागद कडेनं वाळत चालला होता. असा कागद वाळताना बाई कुणासाठी थांबलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. त्या ब्रश हातात धरून थांबून राहिल्या.